चित्रातला बाण उलटा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शरीरात बसवायच्या बिनबॅटरीच्या सेन्सरविषयी आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. अल्ट्रासाऊंड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोटातले बाळ किंवा पित्ताशयातला खडा एवढेच येते; त्यापलीकडचा एक विषय आपण वाचकांपर्यंत नेलात, याबद्दल प्रथम आभार. मात्र लेखासोबतच्या चित्रात शरीरातल्या लाल ठिपक्यातून गोल गोल लहरी बाहेर पडताना आणि थेट हातातल्या मोबाइलपर्यंत पोचताना दाखवल्या आहेत, आणि चित्राखालच्या ओळीत हा सेन्सर चोवीस तास शरीराची खबर देत राहतो असे म्हटले आहे. चित्र आणि ओळ, दोन्ही या तंत्राच्या मूळ कल्पनेच्या अगदी उलट आहेत. चूक चित्रकाराची म्हणून सोडूनही दिली असती; परंतु लेखातल्या बऱ्याचशा अपेक्षा याच चुकीवर उभ्या असल्याने आणि गेली सत्तावीस वर्षे मी सोनोग्राफीच्याच खोलीत बसत असल्याने, थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

ज्याला निष्क्रिय सेन्सर म्हणतात तो स्वतःहून काहीही बोलत नाही. त्यात बॅटरी नसते, संदेश पाठवणारे यंत्र नसते, आणि काल रात्री दोन वाजता काय घडले याची नोंद ठेवायला स्मृतीही नसते. बाहेरून ध्वनी पाठवायचा, तो सेन्सरवर आपटून परत येतो तेव्हा त्यात काय बदल झाला आहे हे पाहायचे, आणि त्या बदलावरून आतला दाब, तापमान किंवा आम्लता ताडायची, एवढाच हा व्यवहार आहे. वैद्यकाला ही रीत नवीन नाही. लिओपोल्ड आउएनब्रुगर या व्हिएन्नातल्या वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून, येणाऱ्या आवाजावरून आत पाणी साठले आहे की नाही हे ओळखण्याची पद्धत 1761 मध्ये प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळवाले होते आणि पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून पाहण्याची सवय त्याला तिथूनच लागली, असे सांगतात. छाती काय किंवा पिंप काय, आपण होऊन आवाज करत नाही. ठोकणारे बोट आणि ऐकणारा कान, दोन्ही बाहेरचेच असतात. निष्क्रिय सेन्सरचेही तसेच आहे.

खरे तर अशी वस्तू आम्ही सोनोलॉजिस्ट रोजच वाचत असतो. कॉपर-टीचेच उदाहरण घ्या. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून फिरवायचा यंत्राचा ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग, योग्य कोनात आला की पडद्यावर गर्भाशयाच्या पोकळीत एक लखलखीत रेघ उमटते आणि तिच्यामागे काळी सावली पडते. त्या रेघेवरून कॉपर-टी जागेवर आहे की खाली सरकली आहे, हे आम्ही मिलिमीटरमध्ये मोजून सांगतो. मात्र ती रेघ आपली जागा सोडून दुसरे काहीच सांगत नाही. गेल्या काही वर्षांत संशोधकांनी जी भर घातली ती नेमकी इथे. शरीरात ठेवलेल्या वस्तूने आपली जागा सांगण्याबरोबरच भोवतालच्या परिस्थितीनुसार आपला आकार किंवा कंप बदलावा आणि तो बदल प्रतिध्वनीत उमटावा, अशी रचना त्यांनी केली.

ही रचना निरनिराळ्या प्रकारे करता येते आणि त्यांतला फरक महत्त्वाचा असूनही आपल्या लेखात सगळ्यांची एकच मोट बांधली गेली आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने 2016 मध्ये उंदराच्या मज्जातंतूवर बसवलेला, ‘न्यूरल डस्ट’ या नावाने गाजलेला कण सुमारे 3 मिलिमीटर लांबीचा होता. त्यात एक पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे ध्वनीने थरथरला की वीज निर्माण करणारा, स्फटिक आणि एकच ट्रान्झिस्टर होता. मज्जातंतूतून विद्युत संदेश गेला की ट्रान्झिस्टरमधून जाणारा प्रवाह बदले, त्यामुळे स्फटिकाचे थरथरणे बदले, आणि परत येणारा प्रतिध्वनी किंचित कमीजास्त होई. इथे मोजायची होती ती प्रतिध्वनीची तीव्रता, साध्या भाषेत आवाज मोठा आहे की लहान.

अमेरिकेतल्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन रॉजर्स यांच्या गटाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती निराळी आहे, आणि मला तीच अधिक भावली. आतड्याचा किंवा स्वादुपिंडाचा भाग काढून टोके जोडली की तो जोड गळतो की काय, ही शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतली मोठी धास्ती असते. ताप चढेपर्यंत आणि पोट कडक होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. या गटाने सामू, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला पीएच, बदलला की फुगणारे जेल घेतले, त्यात धातूच्या बारीक चकत्या ठरावीक अंतरावर बसवल्या आणि ही चिकटपट्टीसारखी वस्तू त्या जोडाजवळ लावली. जठराचा किंवा स्वादुपिंडाचा रस झिरपला की भोवतालचा सामू बदलतो, जेल फुगते आणि चकत्या एकमेकींपासून दूर सरकतात. साध्या सोनोग्राफी यंत्रावर चकत्या ठळक ठिपक्यांसारख्या दिसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला फक्त दोन ठिपक्यांमधले अंतर मोजायचे असते. हे काम आमच्यापैकी प्रत्येक जण दिवसातून शंभरदा करतो.

त्याच वर्षी चीनमधल्या वुहानच्या संशोधकांनी मेंदूतील दाब मोजण्यासाठी सुईने आत सोडता येतील असे जेलचे घन तयार केले. त्यांची प्रत्येक बाजू 2 मिलिमीटरची असते आणि आत ठरावीक अंतरांवर हवेचे सूक्ष्म स्तंभ कोरलेले असतात. जेल पाण्यासारखे आणि स्तंभात हवा, त्यामुळे ध्वनी त्यांच्यावरून जोरात परततो. पण सगळा ध्वनी सारखा परतत नाही, स्तंभांमधल्या अंतराला जुळणारी वारंवारता सर्वांत जास्त परतते. दाब वाढला, तापमान बदलले किंवा सामू हलला की घन किंचित दबतो वा फुगतो, स्तंभांमधले अंतर बदलते आणि परतणाऱ्या ध्वनीचा सूर सरकतो. छिद्रावरचे बोट हलले की बासरीचा सूर बदलतो, तसेच काहीसे. म्हणजे पहिल्या प्रकारात आवाजाची पट्टी तीच राहून जोर बदलतो, दुसऱ्यात अंतर बदलते आणि तिसऱ्यात सूर बदलतो.

या तिघांत भरवशाचे काय, हा माझ्या मते या विषयातला पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रोब हातात धरणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. प्रतिध्वनीची तीव्रता शंभर कारणांनी बदलते. रुग्ण स्थूल असेल, अंगावर लावायचे जेल कमी पडले असेल, प्रोब दोन अंशांनी कलला असेल, रुग्णाने श्वास थोडा जास्त घेतला असेल, तरी ठिपका मंद होतो. ऊतींमध्ये ध्वनी दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल विरतो. 5 मेगाहर्ट्झच्या प्रोबने 4 सेंटीमीटर खोलवरचा कण वाचायचा तर जाऊन-येऊन 20 डेसिबल जातात, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. तोच कण 10 सेंटीमीटर खोल असेल तर 50 डेसिबल जातात आणि लाखातला एक भाग परत येतो. कण स्वतः सगळाच ध्वनी परतवत नाही, ही घट आणखी निराळीच. अशा क्षीण आवाजाचा जोर मोजून त्यावरून मेंदूतला दाब सांगायचा म्हणजे गर्दीतल्या कुजबुजीवरून माणसाचा राग मोजण्यासारखे आहे. अंतर आणि सूर त्या मानाने प्रामाणिक असतात, कारण ठिपका मंद झाला तरी तो दिसेनासा होईपर्यंत आपली जागा सोडत नाही.

परंतु ‘त्या मानाने’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले आहेत. जवळजवळ प्रत्येक सोनोग्राफी यंत्र असे धरून चालते की शरीरात ध्वनी सेकंदाला 1540 मीटर वेगाने जातो. प्रत्यक्षात चरबीत तो सुमारे 1450 मीटर वेगाने जातो आणि स्नायूत 1540 पेक्षा थोडा अधिक वेगाने, त्यामुळे पडद्यावरच्या अंतरात काही टक्क्यांची चूक नेहमीच दडलेली असते. मूतखडा साडेसहा मिलिमीटरचा आहे की सात, याने फारसे बिघडत नाही. पण चकत्यांमधल्या अंतरात मिलिमीटरचा अंश जरी सरकला तरी त्यावरून पुन्हा पोट उघडायचे की नाही हे ठरणार असेल, तर बिघडते. सुराचेही तेच. ऊती वरच्या पट्टीतला ध्वनी खालच्या पट्टीतल्या ध्वनीपेक्षा जास्त गिळतात, त्यामुळे खोलवरून परतलेला सूर मुळात होता त्याहून किंचित खाली उतरल्यासारखा भासतो. सेन्सर तोच, दाब तोच, पण रुग्णाच्या अंगावर सूज चढली की आकडा बदलतो.

ध्वनीच का, रेडिओ लहरी का नकोत, या प्रश्नाला आपल्या लेखात एका ओळीत, ‘ध्वनी सुरक्षित असतो’ असे उत्तर दिले आहे. खरे कारण तरंगलांबीत आहे. रेडिओ लहरी हवेत जितक्या वेगाने जातात त्याच्या जवळजवळ दोन लाखाव्या भागाएवढ्याच वेगाने शरीरात ध्वनी जातो, आणि त्यामुळे 1 मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी केवळ दीड मिलिमीटर येते. दोन मिलिमीटरची वस्तू अशा लहरीला सहज ‘दिसते’. त्याच आकाराच्या वस्तूत रेडिओचा अँटेना बसवायचा तर वारंवारता इतकी वाढवावी लागते की पाण्याने भरलेले शरीर ती लहर वाटेतच गिळून टाकते.

तरीही रेडिओवर वाचला जाणारा निष्क्रिय सेन्सर आज रुग्णांच्या शरीरात आहे, हे लेखात यायला हवे होते. फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा कार्डिओमेम्स हा सेन्सर म्हणजे एक वेटोळे आणि दाबाने बदलणारे एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), बस. त्यात बॅटरी नाही. हृदयाच्या कमजोरीच्या 550 रुग्णांवरची त्याची चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 2014 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. रुग्ण घरीच अँटेना बसवलेल्या उशीवर पाठ टेकून काही क्षण पडून राहतो आणि दाब वाचला जातो. ध्वनीच्या सेन्सरांना खरी तुलना द्यावी लागणार आहे ती या उशीशी. उशीला ना जेल लागते, ना कोन. कपड्यावरून, हवेतून, फासळ्यांमधून ती आपले काम करते. ध्वनी मात्र हवेच्या केसाएवढ्या फटीलाही अडतो. म्हणून तर आम्ही प्रत्येक रुग्णाच्या अंगावर ते गार, चिकट जेल थापतो आणि त्याबद्दल रोज नव्याने क्षमा मागतो. फुप्फुसामागे किंवा वायूने फुगलेल्या आतड्यामागे असलेले काहीही आम्हाला दिसत नाही, आणि कवटीचे हाड ध्वनीचा मोठा भाग परतवते, विखुरते आणि गिळते. मेंदूतला दाब मोजण्याचे स्वप्न याच हाडाशी येऊन थबकते, याचा लेखात उल्लेखही नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र लेखिकेचे म्हणणे ढोबळमानाने बरोबर आहे, आणि निष्क्रिय सेन्सरची बाजू इथे भक्कमच आहे. ध्वनीने वीज पुरवून एखादी चिप चालवायची तर बराच जोर लावावा लागतो; नुसता प्रतिध्वनी ऐकायचा तर नेहमीच्या तपासणीइतका पुरतो. निदानासाठीच्या अल्ट्रासाऊंडला अमेरिकी नियमांत दर चौरस सेंटीमीटरला 720 मिलिवॉट अशी कमाल मर्यादा आहे. तीच मर्यादा डोळ्यासाठी 50 मिलिवॉट आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. काचबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात दाबाचा सेन्सर ठेवण्याची कल्पना 1967 इतकी जुनी असली, तरी तो ध्वनीने वाचायचा म्हटले की हात असे आखडते घ्यावे लागतात.

आता मुख्य मुद्दा. ज्या वस्तूला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, तिच्या मौनाचा अर्थ कसा लावायचा?

काही वर्षांपूर्वीची माझीच एक चूक सांगते. एका बाईंच्या कॉपर-टीचा दोरा हाताला लागत नव्हता म्हणून त्या सोनोग्राफीला आल्या. मूत्राशय पुरेसे भरलेले नव्हते, गर्भाशय मागे झुकलेले होते आणि आतड्यात वायू होता. मी दहा मिनिटे प्रोब फिरवला, ती लखलखीत रेघ काही दिसली नाही, आणि अहवालात ‘कॉपर-टी गर्भाशयात नाही’ असे लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये ती स्वच्छ दिसली, आणि नंतर मूत्राशय भरून पुन्हा पाहिले तेव्हा ती जिथे असायला हवी तिथेच होती. मी लिहायला हवे होते, ‘दिसत नाही’. मी लिहिले, ‘नाही’. त्या बाईंनी ती रात्र कशी काढली असेल, हे मला त्यांनी नंतर सांगितले नाही आणि मी विचारले नाही. सरळ, सपाट वस्तू प्रोबला काटकोनात असेल तेव्हाच झळकते. कोन फिरला की ध्वनी तिच्यावरून भलतीकडे उडून जातो आणि ती पडद्यावरून जणू पुसली जाते. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होते, तरीही चूक झाली.

निष्क्रिय सेन्सरच्या बाबतीत ही चूक आणखी फसवी ठरेल, कारण तिथे ‘नाही’ असे म्हणण्याचीही वेळ येणार नाही; तिथे एक आकडा येईल. प्रतिध्वनी आला नाही तर सेन्सर हलला, फुटला, त्याभोवती व्रणाची जाड ऊती तयार झाली, की फक्त प्रोब चुकीच्या कोनात होता, हे कळायला मार्ग नाही. आणि प्रतिध्वनी आला, पण किंचित सरकलेला आला, तर आतला दाब बदलला की वाटेतली ऊती बदलली, हेही नुसत्या आकड्यावरून कळत नाही. बॅटरीवाला सेन्सर निदान ‘मी जिवंत आहे’ एवढा संदेश तरी पाठवतो. निष्क्रिय सेन्सर मेला तरी तसाच आणि जिवंत असला तरी तसाच.

यावर उपाय आहे, तो अवघडही नाही, आणि माझ्या मते या विषयावरच्या प्रत्येक बातमीत सर्वांत आधी तोच शोधायला हवा. प्रत्येक सेन्सरशेजारी त्याच घडणीचा एक जुळा असावा, ज्याला मोजायच्या गोष्टीचा स्पर्शच होणार नाही. दाब मोजायचा असेल तर दाबाने न बदलणारा. आम्लता मोजायची असेल तर न फुगणाऱ्या जेलचा. दोघे एकाच खोलीवर, एकाच वाटेवर, एकाच प्रोबखाली असल्याने चरबी, सूज, कोन, श्वास या सगळ्यांचा परिणाम दोघांवर सारखाच होतो. फरक जो उरतो तोच खरा. शिवाय जुळा दिसला आणि सेन्सर दिसला नाही तर सेन्सर बिघडला, आणि दोघेही दिसले नाहीत तर आपला हात चुकला, हे ताबडतोब कळते. मी याला मनाशी ‘साक्षीदार’ म्हणते. वुहानच्या घनांबद्दल मला आदर वाटतो तो त्यांच्या लहानपणापेक्षा अधिक या दिशेने टाकलेल्या पावलाबद्दल. दाब, तापमान, सामू आणि प्रवाह एकमेकांत मिसळू न देता वेगवेगळे वाचण्याची सोय त्यांनी केली.

दाबाच्या सेन्सरला तर साक्षीदार आतच नव्हे, बाहेरही लागतो. बंद पोकळी असलेला सेन्सर एकूण दाब मोजतो आणि त्या एकूण दाबात बाहेरच्या हवेचाही दाब मिसळलेला असतो. समुद्रसपाटीजवळ माणूस अकरा-एक मीटर वर चढला, म्हणजे इमारतीचे तीन-चार मजले, की हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे 1 मिलिमीटरने उतरतो. मोठ्या माणसाच्या कवटीतला दाब साधारण 7 ते 15 मिलिमीटर असतो आणि डोक्याला गंभीर इजा झालेल्या रुग्णात तो 22 च्या वर गेला की उपचार सुरू करावेत असे मार्गदर्शक तत्त्व आहे. म्हणजे तळमजल्यावर वाचलेला आणि वरच्या मजल्यावर वाचलेला आकडा यांतली तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही, आणि वादळी हवेच्या दिवशी तर त्याहून मोठी तफावत पडू शकते. म्हणूनच कार्डिओमेम्सच्या बाहेरच्या यंत्रात हवेचा दाब मोजून तो वजा करण्याची सोय ठेवावी लागली आहे.

विरघळणाऱ्या सेन्सरविषयी लेखिकेने फार उत्साहाने लिहिले आहे आणि तो उत्साह मी समजू शकते. आज मेंदूतला दाब मोजायला कवटीला भोक पाडून तार आत सोडावी लागते, तिथून जंतू शिरण्याचा धोका असतो आणि काम झाले की ती तार काढावी लागते. वुहानचे घन 18 आठवड्यांत जवळजवळ पूर्ण विरघळतात, काढण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र जी वस्तू विरघळते ती एका रात्रीत विरघळत नाही. ती आधी फुगते, मऊ पडते, तिच्या कडा झिजतात. आणि फुगणे, मऊ पडणे हीच तर या सेन्सरची भाषा आहे. सहाव्या आठवड्यात सूर सरकला तर तो रुग्णामुळे सरकला की सेन्सरच्या म्हातारपणामुळे, हे ओळखायला पुन्हा साक्षीदारच हवा, आणि तोही त्याच गतीने म्हातारा होणारा हवा. शिवाय वुहान आणि नॉर्थवेस्टर्न या दोन्ही गटांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग उंदीर आणि डुकरांसारख्या प्राण्यांवरचे आहेत. ‘लवकरच रुग्णालयात’ हे शब्द त्या प्रयोगांतून निघत नाहीत.

रुग्णाने घरीच प्रोब लावून आपला आकडा पाहावा, या कल्पनेला माझा विरोध नाही. पण रुग्णाला शिकवायचे ते प्रोब कुठे लावायचा एवढेच नसते. नव्या डॉक्टरला शिकवताना मी त्यांचा हात धरून मनगट अर्ध्या बोटाएवढे कलवते आणि पडद्यावर नसलेली वस्तू अचानक उजळते. तो अर्ध्या बोटाचा कल शब्दांत सांगता येत नाही, आणि शिकायला कित्येक महिने लागतात. त्वचेला चिकटून राहणाऱ्या प्रोबवर काम चालू आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने 2022 मध्ये 48 तास चिकटून राहणारी अल्ट्रासाऊंडची पट्टी दाखवली, पण तीही तारेने मोठ्या यंत्राला जोडलेली होती. चोवीस तास खबर हवी असेल तर विचारणाराही चोवीस तास अंगावर हवा, आणि त्या विचारणाऱ्याला मात्र बॅटरी लागते. ‘बिनबॅटरी’ हे विशेषण आतल्या वस्तूपुरतेच खरे आहे.

एक गोष्ट लेखातून अजिबातच सुटली आणि ती या तंत्राच्या बाजूची आहे. दुरून कोणी आपला सेन्सर चोरून वाचेल ही भीती रेडिओच्या बाबतीत पोकळ नाही. मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताच्या निवासस्थानी 1945 मध्ये भेट म्हणून आलेल्या लाकडी राजचिन्हात असेच बिनबॅटरीचे, बाहेरून रेडिओ लहर सोडली की खोलीतले बोलणे परत पाठवणारे यंत्र दडवलेले होते, आणि ते 1952 पर्यंत कोणाला सापडले नाही. ध्वनीने वाचायचा सेन्सर असा परस्पर वाचता येत नाही, कारण वाचणाऱ्याला तुमच्या अंगाला जेल लावून प्रोब टेकवावा लागतो. ज्या हवेच्या फटीची तक्रार मी वर केली, तीच इथे पहारा देते.

आमच्या व्यवसायाची मात्र एक काळजी आहे. ज्याच्या शरीरात न विरघळणारा कण राहून गेला आहे, असा रुग्ण दहा वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी आमच्यासमोर येईल. पडद्यावर एक लहानसा झळकणारा ठिपका आणि त्यामागे सावली दिसेल. आम्ही त्याला कॅल्शियमचा साठा म्हणू, खडा म्हणू, आणि रुग्णाला पूर्वी कर्करोग झालेला असेल तर त्याहून वाईट काहीतरी म्हणू. रुग्णाजवळ त्याची नोंद असलेले कार्ड असायला हवे, हे खरेच. पण कार्डे हरवतात, याचाही अनुभव मला भरपूर आहे. ठिपक्यांची मांडणीच अशी असावी की ती निसर्गात आढळणार नाही, उदाहरणार्थ समान अंतरावरच्या तीन चकत्या एका रेषेत, म्हणजे पाहणाऱ्याला ती माणसाने ठेवलेली वस्तू आहे हे लगेच उमगेल. नॉर्थवेस्टर्नच्या चकत्यांत हा गुण आपसूक आला आहे.

आपण त्या लेखाची दुरुस्ती छापणार असाल, तर माझी विनंती फक्त चित्रापुरती आहे. बाण प्रोबपासून सुरू व्हावा आणि प्रोबकडेच परत यावा. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये जेलचा थर काढावा. मोबाइल गाळावा. आणि त्या लाल ठिपक्याशेजारी, त्याच आकाराचा, एक निळा ठिपका काढावा.

आपली,
एक सोनोलॉजिस्ट वाचक